हाजराबीचे पाच तारे

शफीक गादीवाला म्हणजे मागणं न जमणारा माणूस. पंगतीत बसला तर दुसऱ्यांदा वरण मागणार नाही, एसटीत तासभर उभा राहील पण 'जरा सरका भाऊ' म्हणणार नाही. असा गडी रिसोडात तीस वर्षं धंद्यात टिकला कसा, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, हाजराबी. गिऱ्हाइकाशी बोलणं, हुज्जत घालणं, उशीर झाला की गोड बोलून वेळ मारून नेणं, सगळं त्याच्या बायकोकडं. हा आपला खाली मान घालून रजईला टाके घालायचा. आणि अशा माणसावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काय पाळी यावी, तर येईल त्या गिऱ्हाइकापुढं उभं राहून तारे मागायची.

तारे म्हणजे मोबाईलवरचे. नकाशात दुकान शोधलं की नावाखाली दिसतात ते. पाचापैकी किती मिळाले, किती जणांनी दिले, आणि कोणाला काय वाटलं ते खाली दोन-चार ओळींत. आता कापूस पिंजून गादी भरणाऱ्याला तारे कशाला हवेत, असं तुम्ही म्हणाल. शफीकही तेच म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोरीनं, इफ्रानं, दुकान नकाशावर चढवलं तेव्हा तो हसला होता. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पुढं दुकान, मागं घर, सगळ्या तालुक्याला ठाऊक. ज्याला रिसोडात येऊन हे दुकान सापडत नाही त्याला गादी काय कामाची, असं त्याचं म्हणणं.

"पण कोणीतरी पयला अभिप्राय लिहायले पाह्यजे," इफ्रा म्हणाली होती. "अब्बाले सोताच्याच दुकानाले देता येत नाही."

"मंग मी देतो," हाजराबी म्हणाली.

चौथी शिकलेली बाई. लिहायचा कंटाळा, पण बोललं की फोन आपोआप लिहितो हे पोरीनं दाखवल्यावर तिनं फोन उचलला, आत गेली आणि दार लोटून घेतलं. घरात त्यांच्या वऱ्हाडीत हिंदी-उर्दूचे शब्द मिसळायचे, पण गिऱ्हाइकाशी हाजराबी पक्की वऱ्हाडी. हेही गिऱ्हाइकासाठीच म्हणून ती तसंच बोलली. बाहेर आली तेव्हा फोनवर हे उमटलेलं होतं:

'मी हाजराबी. हे दुकान माह्या मालकाचं हाये म्हणून तारे देऊन राह्यली असं कोणी समजू नका. तीस वर्सापासून याचं काम पाहून राह्यली. कापूस बदलत नाही. एका बाईचा पावशेर कापूस मशीनीत राह्यला तं सायकलनं रिठदले नेऊन देल्ला. बोलते कमी. रागावला तं दोन दोन दिवस बोलत नाही, पण पयली भाकर माह्या ताटात टाकते. टाके घालतानी गुणगुणते, त्याले मालूम नाही. मी आत भाकरी थापता थापता आयकतो. गादी पाह्यजे असंल तं इथंच या.'

आणि वर पाच तारे.

शफीकनं ते सावकाश वाचलं. त्याला वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचतो. वाचून झाल्यावर फोन परत दिला.

"वाचलं का?" हाजराबीनं विचारलं.

"हो," तो म्हणाला.

बस, एवढंच. तीस वर्षांत त्या बाईनं नवऱ्याला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा साऱ्या दुनियेला ऐकवून म्हटलं, आणि या शहाण्याला त्यावर 'हो' सुचलं. त्याचं हे 'हो' त्याला पुढं फार छळणार होतं, पण तेव्हा कोणाला माहीत.

मागच्या दिवाळीच्या आधी हाजराबी कावीळ होऊन गेली. दोन महिन्यांत सगळं आटोपलं.

तिचा फोन राहिला. दुकानाच्या पाटीवर तिचाच नंबर रंगवलेला होता, म्हणून तो बंद करता येईना. शफीकनं तो टेबलाच्या खणात ठेवला. रोज सकाळी शटर वर केलं, मशीनीवरची रुई झटकली, की तो खण उघडायचा, नकाशात आपलंच दुकान शोधायचा आणि हाजराबीचं वाचायचा. तिच्या फोनवर तिचं सगळ्यात वर दिसे. पहिल्या शब्दापासून 'इथंच या' पर्यंत ओठ हलवत वाचून झालं की फोन खणात आणि मशीन चालू. कधी टाके घालताना आपण गुणगुणतोय असं त्याच्या ध्यानात यायचं. मग तो थांबायचा आणि आतल्या दाराकडं पाहायचा. आत कोणी नसायचं.

फोटो होते की, कोणी म्हणेल. होते ना, लग्नातले, ईदेचे, इफ्राच्या दहावीच्या पेढ्यांचे. पण फोटोतली हाजराबी नुसती उभी होती. बोलत होती ती फक्त या सहा-सात ओळींत, आणि शफीकसाठी सगळी हाजराबी तेवढ्यात उरली होती.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. गादी भरायला आलेलं गिऱ्हाईक दुकानातून हलत नाही. कापूस घरचा, वावरातला निवडून ठेवलेला. तो मशीनीत गेला, पिंजून फुगला, की सगळा सारखाच दिसतो, आणि गादीवाल्यानं चांगला काढून दुसऱ्याचा कचरा खोळीत भरला तरी कळायचं नाही. म्हणून बाया मशीनीपाशी ठाण मांडून बसतात, नजर हटवत नाहीत. एखादी तर खुणेसाठी कापसाला हळदीचं बोट लावून आणते. शफीकला याचा फार राग. त्याच्या बापानं दुकान चालू केलं तेव्हापासूनचा कायदा होता: खोळ कोणाचीही असो, आतला कापूस ज्याचा त्याचा. कोणी टक लावून बसलं की तो तोंड फिरवायचा, आणि हाजराबी चहा आणून त्या बाईला म्हणायची, "बसा ना बाई, पाहा चांगलं, आमचा मालक चोर हाये." बाई लाजायची आणि हसायची.

हाजराबी गेली आणि दुकानातलं ते हसणंही गेलं. त्यात वाशीम रोडवर फोमच्या गाद्यांचं काचेचं दुकान उघडलं. त्याच्या नावाखाली चारशे लोकांचे तारे. शफीकच्या नावाखाली अकरा.

हे त्याला कळलं ते ज्योत्स्ना मॅडमकडून. त्या मुलींच्या एका होस्टेलच्या मॅडम. साठ गाद्या भरायच्या होत्या, आणि मुलींना फोम नको, उन्हाळ्यात घामोळ्या येतात, कापूसच हवा असं त्यांचं मत. त्यांनी शफीकचं काम पाहिलं होतं. "पण भाऊ, आमच्या अध्यक्षांना सगळं मोबाईलवर पाहायची सवय," त्या म्हणाल्या. "अकरा लोकांचं पाहून ते काय ऐकणार? महिन्याभरात चाळीस तरी करा, मग मी तुमचं नाव लावून धरते."

साठ गाद्या म्हणजे दुकानाचा हिवाळा निघून जाणार. आणि नाही मिळाल्या तर मशीन विकून टाका असं इफ्राचा मामा आधीच म्हणत होता. मशीन विकायची म्हणजे हे दार बंद, आणि हाजराबी ज्या जागेबद्दल बोलली ती जागाच नाहीशी. शफीकनं मान डोलावली.

इफ्रा वाशीमला फार्मसी शिकते, दर रविवारी येते. तिनं काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद छापून आणून भिंतीला लावला. फोन समोर धरला की थेट तारे द्यायची जागा उघडते. पण लोकांना अशा चौकोनाची सवय एकाच कामासाठी. पहिलंच गिऱ्हाईक चिडून म्हणालं, "पैसे तं देल्ले ना बाप्पा, आता आनखी कायचे?"

"पैसे नाही," शफीक म्हणाला. पुढं काय म्हणायचं ते त्याला येईना. हाजराबी असती तर एका वाक्यात काम झालं असतं. त्यानं मग घरात आरशापुढं सराव केला. 'काम पसंत पडलं असंल तं दोन शब्द लिहा.' एवढंच वाक्य, पण गिऱ्हाइकापुढं उभं राहिलं की तो गादीची दोरीच पुन्हा आवळत बसायचा. तरी त्यानं मागितलं. गादी जीपच्या टपावर चढवून देताना मागितलं, दोरी बांधता बांधता मागितलं. लोकांनी दिलेही. धनजहून आलेल्या मारोतराव नावाच्या म्हाताऱ्यानं तीनच तारे दिले, आणि वर तोंडानं सांगितलं, "काम पाचाचंच हाये. पण पाच देल्ले का माणूस शेफारते." शफीकला ते पटलंही.

अकराचे वीस झाले, विसाचे तीस. महिना भरत आला तेव्हा एकोणचाळीस. एक हवा होता.

त्या शनिवारी रिठदच्या चतुराबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, दुकानाच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. सोबत नात मंजुषा, तिच्याच लग्नाच्या दोन रजया भरायच्या होत्या. चतुराबाई या दुकानात कधी मशीनीपाशी बसत नसत. गाठोडं टाकायचं आणि खुशाल भिंतीला टेकून डोळे मिटायचे. त्या दिवशीही डोळे मिटून होत्या, पण कान उघडे होते. शफीकनं एका पोराला तारे मागितलेले त्यांनी ऐकले.

"त्या पोराले काय मांगतलं रे तू?"

"काही नाही मावशी. मोबाईलवर दोन शब्द लिहा म्हटलं, दुकानासाठी."

"मंग मले काहून नाही मांगत?"

"तुमच्यापाशी तसला फोन कुठं हाये?"

"फोन नाही म्हणून माह्या तोंडाले कुलूप हाये का?" चतुराबाईंना राग आला होता, आणि खरा आला होता. "जेठाच्या उन्हात सायकलनं माहा पावशेर कापूस घेऊन आलता तू घरी. हे कालचे पोट्टे काय सांगतीन तुह्याबद्दल? मी नाही सांगणार तं कोण सांगन?"

 म्हातारीचा मान राखायला हवा होता. मंजुषा म्हणाली, "माह्या फोनवरून मी मांगच्या बारीलेच देल्ले काका. एका फोनवरून दोनदा होत नाही. दुसरा असंल तं द्या, मी करून देतो आजीचं."

दुसरा फोन. शफीकचा स्वतःचा मालकाचा, तो चालत नव्हता. त्यानं खण उघडला आणि हाजराबीचा फोन मंजुषाच्या हातात दिला.

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. पोरीनं नुकतंच सांगितलं, एका फोनवरून एकदाच. याच्या डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं. त्याच्या लेखी तो फोन तारे द्यायचा नव्हताच, तो वाचायचा होता. आणि समोर म्हातारी रुसून बसली होती, आणि चाळिसावा तारा हाताशी आला होता. माणूस एकदा मागायला लागला की त्याला पुढचं दिसत नाही.

मंजुषानं दुकान शोधलं, पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं, माईक लावून फोन आजीपुढं धरला. "बोल आजी."

"काय बोलू?"

"आता म्हणत होतीस तेच बोल."

"चालू झालं का हे? कुठं पाहू? याच्यात पाहू का?"

"थांब आजी, हे पण लिहून राह्यलं ते."

मशीन धडधडत होती. शफीक खाली बसून दुसऱ्या रजईला टाके घालत होता, दातात दोरा धरलेला. मंजुषानं मोठ्यानं विचारलं, "काका, याच्यात पयलेचं पण बरंच काही लिहेल हाये. सगळं पुसू का?"

शफीकनं मान वर केली नाही. आजीची बडबड उतरली असेल, असं त्याला वाटलं. त्यानं दातातला दोरा काढला आणि म्हणाला, "पुसा, सगळं कोरं करा. मंग मावशीले सावकाश बोलू द्या."

मंजुषानं पुसायच्या खुणेवर बोट दाबून धरलं. अक्षरं मागं मागं जात गेली आणि चौकट कोरी झाली. तिचा यात काडीचा दोष नाही, तिला सांगितलं ते तिनं केलं. मग चतुराबाई बोलल्या, मन भरून बोलल्या. जाताना शफीकच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी शफीकनं आपल्या फोनवर पाहिलं. एकोणचाळीस. चतुराबाईंचा तारा पोचायला वेळ लागत असेल असं त्यानं धरलं.

रविवारी सकाळी शटर वर केलं. मशीनीवरची रुई झटकली. खण उघडून फोन काढला, दुकान शोधलं. वर हाजराबीचं नाव, पाच तारे. तो ओठ हलवत वाचू लागला.

'हा माणूस मले लेकासारखा हाये...'

त्यानं फोन बंद केला. चुकून दुसऱ्याचं उघडलं असेल. पुन्हा चालू केला, पुन्हा शोधलं. वर हाजराबीच. खाली:

'हा माणूस मले लेकासारखा हाये. माहा पावशेर कापूस जेठाच्या उन्हात सायकलनं घरी आणून देल्ला होता. त्याची बायको मेली, बिचारी लय बोलकी होती. आता दुकानात गेलं तं सुनं सुनं वाटते. पण काम तसंच हाये. पोरीच्या लग्नाची रजई इथंच भरा.'

हाजराबीच्या नावाखाली लिहिलं होतं, त्याची बायको मेली.

शफीकनं ते तीन वेळा वाचलं. मग त्याला स्वतःचा आवाज आठवला, मशीनीच्या धडधडीतून, दोरा दातातून काढून म्हटलेला. पुसा, सगळं कोरं करा. तो तिथंच कापसाच्या ढिगावर बसला. मशीन चालू केली नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणाला.

अकराच्या गाडीनं इफ्रा आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिनं विचारलं, त्यानं फोन पुढं केला. ती वाचत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला. तिनं इकडं तिकडं बोटं फिरवली, काही उघडलं, काही मिटलं. एका मैत्रिणीला फोन लावला, मग दुसऱ्या एका हुशार पोराला.

"नवं लिहिलं का जुनं राहत नाही अब्बा," ती शेवटी म्हणाली. "त्याच्याच जागेवर बसते ते."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही. मी फोटू काढून ठेवाले पाह्यजे होता. माह्या ध्यानातच नाही आलं."

 इफ्रानं डोळे पुसले आणि त्याच्यापाशी खाली बसली. "अब्बा, तुमाले तं पाठ असंल. रोज वाचत होते. सांगा, मी अम्मीचं परत टाकतो."

हे ऐकून शफीकला जरा धीर आला. तो सरळ बसला, डोळे मिटले आणि सांगू लागला. "मी हाजराबी. हे दुकान माह्या मालकाचं हाये म्हणून तारे देऊन राह्यली असं कोणी समजू नका." इफ्रा लिहीत होती. कापूस बदलत नाही, झालं. सायकल झाली. बोलते कमी, झालं. "रागावला तं दोन दोन दिवस बोलत नाही, पण..."

तो थांबला.

"पण पयली भाकर मले वाढते," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. पण माह्या ताटात भाकर पयले पडते. पडते होतं का?"

"मले वाटते, पण पयले मले जेवू घालते, असं होतं," इफ्रा म्हणाली.

"भाकर होती त्याच्यात. भाकर होती हे पक्कं."

 रोज हाताशी होतं ते पाठ कोण करतं? वर्षभर त्यानं ते रोज वाचलं, पण वाचायचं म्हणजे तिच्याकडं जायचं होतं, डोक्यात भरून ठेवायचं नव्हतं. आता तो जितकं आठवायला जाई तितकं ते वाक्य विरत जाई. पुढच्या गुणगुणण्याच्या ओळीलाही तो अडला. भाकरी करता करता, का भाकरी थापता थापता?

"काही पण टाकलं तं चालते अब्बा," इफ्रा हळूच म्हणाली. "मतलब एकच होते ना."

"एक नाही होत."

"पण कोणाले समजणार हाये?"

शफीकनं तिच्याकडं पाहिलं. "पिंजल्यावर कापूस पण सारखाच दिसते बेटा," तो म्हणाला. "म्हणून कोणाचा कोणाले देल्ला का आपण?"

 इफ्रानं लिहिलेलं पुसलं.

"मंग हे चतुरा आजीचं काढून टाकू का?"

"ते काढलं तं अम्मीचं नाव राह्यते का?"

"नाही. सगळंच जाते."

 शफीकनं फोन खणात ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "मावशीचा काय गुन्हा. तिनं मनापासून सांगतलं."

इफ्रा चारच्या गाडीनं गेली. जाताना तिनं चहा करून ठेवला होता, तो त्यानं प्यायला नाही. दोन वर्षांपूर्वी हाजराबीनं 'वाचलं का' विचारलं होतं आणि तो 'हो' म्हणाला होता, ते त्याला आठवत होतं. आणखी एक शब्द म्हटला असता तर काय बिघडलं असतं. तो रडला. बायको गेली तेव्हा माणसं होती, मयतीची कामं होती, तेव्हा इतका रडला नव्हता.

सोमवारी ज्योत्स्ना मॅडमचा फोन आला, हाजराबीच्याच फोनवर. आवाज आनंदी होता.

"भाऊ, काम झालं. साठच्या साठ गाद्या तुमच्याकडं."

"चाळीस नाही झाले मॅडम," शफीक म्हणाला. "एक कमी पडला."

"अहो, असू द्या. अध्यक्षांनी रात्री बसून वाचलं सगळं. हाजराबी म्हणून कोणी बाई आहेत ना, त्यांचं फार आवडलं त्यांना. सायकलवर कापूस नेऊन दिलात ते. म्हणाले, एवढं मनापासून कोण लिहितं आजकाल. त्या हाजराबींचे आभार माना बरं का."

"ते चतुराबाईनं सांगतलेलं हाये मॅडम. रिठदच्या."

"नाव तर हाजराबी दिसतंय."

"नाव हाजराबीचं हाये. हाजराबी माही घरवाली. मागच्या साली गेली ती."

 "मला खरंच माहीत नव्हतं भाऊ," मॅडम म्हणाल्या. मग चाचरत, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग त्यांनी काय लिहिलं होतं?"

शफीकनं तोंड उघडलं. हाजराबीचं पहिलं वाक्य ओठावर आलं, पुढची दोन-तीन आली, आणि भाकरीपाशी सगळं थांबलं.

"चांगलं लिहिलं होतं," तो म्हणाला. "मंगळवारपासून गाद्या भरायले घेतो मॅडम."

फोन ठेवला तर दारात एक बाई उभी. नवीन गिऱ्हाईक, डोक्यावर कापसाचं गाठोडं. तिनं गाठोडं मशीनीपाशी उतरवलं, भिंतीवरच्या चौकोनाकडं पाहिलं. "इथं स्कॅन करून तारे द्याचे असते म्हणे. बाजूच्या बाईनं सांगतलं."

"नाही," शफीक म्हणाला. "आता नाही द्याचे." आणि त्यानं तो कागद भिंतीवरून काढला.

बाईनं गाठोडं सोडलं. कापसाच्या एका कोपऱ्यावर हळदीचं बोट लावलेलं होतं. शफीकनं ते पाहिलेलं तिला दिसलं आणि ती ओशाळली, पदर सावरून म्हणाली, "तसं काही नाही भाऊ. सासूबाईनं लावून देल्लं. मी बाहेर बसतो पायजे तं."

एरवी शफीकनं तोंड फिरवलं असतं. आज तो उठला, आतून पाट आणला, हाजराबी बसायची तो, आणि मशीनीच्या अगदी समोर टाकला.

"बाहेर नका बसू बाई," तो म्हणाला. "इथं बसा, आन् नजर हटवू नका. डोळ्यासमोर बदलते, आन् आपल्याच हातानं बदलते."